पडद्यावरचे 'अशक्य' गरोदरपण : प्रश्न तिच्या शब्दाचा

दूरचित्रवाणीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की मराठी घरातील कामे थोडा वेळ तरी खोळंबतात. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८८ साली आला. पुण्यात राहायला जागा मिळेना आणि घरमालकीणबाईंना तर विवाहित जोडपीच भाडेकरू म्हणून हवीत, या पेचातून चौघांपैकी दोघे मित्र साडी नेसतात. सुधीरची सुधा होते, परशुरामची पार्वती. इथपर्यंतची बनवाबनवी पदराआड झाकली जाते. पण पुढे पार्वतीला दिवस गेल्याचे जाहीर होते, तिचे डोहाळेजेवण साजरे होते आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावरील लाज पाहून प्रेक्षकांची हसून पुरेवाट होते. त्या हसण्याच्या तळाशी एक साधी काळजीही असते. साडी कधीही सोडता येईल, आवाज कधीही बदलता येईल. पण नऊ महिने भरल्यावर हे काय दाखवणार?

ही काळजी हेच एका फार जुन्या कथायुक्तीचे बळ आहे. निसर्गाने, तर्काने किंवा लोकरीतीने जे गरोदरपण असूच शकत नाही, ते कथेच्या मध्यभागी आणून ठेवायचे आणि भोवतालच्या माणसांची तारांबळ पाहायची, अशी ही युक्ती. पटकथाकारांनी ती विनोदासाठी वापरली, भयासाठी वापरली, श्रद्धेची आणि विज्ञानाची परीक्षा घेण्यासाठीही वापरली. पती परगावी असताना राहिलेला गर्भ, कुमारिकेचा गर्भ, पुरुषाच्या पोटातील गर्भ, प्रयोगशाळेतील चुकीने राहिलेला गर्भ, पन्नाशीच्या उंबरठ्यावर राहिलेला गर्भ, अशी तिची अनेक रूपे आहेत. या चित्रपटांकडे एकत्रितपणे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. 'हे झाले कसे?' या प्रश्नाने प्रेक्षक आत ओढला जातो. आत गेल्यावर मात्र त्याच्यासमोर दुसराच प्रश्न उभा राहतो. ज्या स्त्रीच्या शरीरात हे घडले, तिच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो?

पुढील विवेचनात काही चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

पटकथेला ही युक्ती का मानवते?

कथेतील बहुतेक रहस्ये दडवता येतात. पत्र जाळता येते, पैसा पुरता येतो, साक्षीदाराला गप्प करता येते. गरोदरपण मात्र दिवसागणिक दिसू लागते. त्यामुळे लेखकाला वेगळा ताण निर्माण करावा लागत नाही. घड्याळ पात्राच्या शरीरातच सुरू असते. शिवाय त्या घड्याळाची मुदत सर्वांना ठाऊक असते, आणि मुदत संपल्यावर एक तिसरा जीव येणार, हेही ठरलेले असते. कथेला सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही आयते मिळतात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. आई कोण, हे सुईणीला डोळ्यांनी दिसते; बाप कोण, हे मात्र शतकानुशतके आईच्या शब्दावर मानावे लागत होते. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ अलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून व्यक्तीची ओळख पटवण्याची पद्धत गवसली ती १९८४ साली. त्यापूर्वी पितृत्व निर्विवादपणे सिद्ध करण्याचे साधन कोणत्याही समाजापाशी नव्हते. वारसा, कुळ, जमीन आणि नाव या सर्वांचा डोलारा एका स्त्रीच्या शब्दावर उभा, आणि त्याच समाजात तिच्या शब्दाला किंमत सर्वांत कमी, असा हा विरोधाभास होता. 'अशक्य' गरोदरपणाची प्रत्येक कथा या विरोधाभासाला हात घालते. म्हणूनच ती जुनी होत नाही.

पुराणांतील पूर्वसूरी

ही युक्ती सिनेमाने शोधलेली नाही. महाभारताच्या मौसलपर्वात यादव तरुण सांबाला गर्भवतीचा वेष देतात, त्याला ऋषींपुढे उभे करतात आणि 'हिला काय होईल?' असे थट्टेने विचारतात. ऋषी रागावून शाप देतात आणि सांबाला लोखंडी मुसळ होते. त्या मुसळानेच पुढे यादवकुळाचा नाश घडतो. 'बनवाबनवी'तील पार्वती ही या सांबाची दूरची आणि सुदैवी वारसदार म्हणावी लागेल.

वनपर्वात युवनाश्व राजाची कथा आहे. राणीसाठी मंत्रून ठेवलेले पाणी तो रात्री तहानेच्या भरात पिऊन टाकतो. गर्भ राहतो तो राजालाच, आणि कालांतराने त्याची कूस फोडून मांधाता जन्माला येतो. आता या कथेशेजारी कुंतीची कथा ठेवून पाहावी. तिला दुर्वासांनी दिलेला मंत्र खरा, आलेला सूर्य खरा, झालेले मूलही खरे. तरीही ती कर्णाला पेटीत घालून नदीत सोडते, कारण हे सत्य सांगावे असे एकही माणूस तिला भोवती दिसत नाही. दोन्ही गर्भ सारखेच अद्भुत आहेत. राजाच्या मुलाला इंद्र स्वतःचे बोट चोखायला देतो. कुमारिकेच्या मुलाच्या वाट्याला मात्र नदीचा प्रवाह येतो. राजाच्या चारित्र्याविषयी कोणी अवाक्षरही काढत नाही.

ख्रिस्ती परंपरेतील येशूजन्माची कथाही याच पेचातून जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात मरिया गर्भवती असल्याचे कळल्यावर योसेफ तिला गुपचूप सोडण्याचा विचार करतो, आणि स्वप्नात देवदूताने सांगितल्यावरच त्याचे मन स्थिर होते. गोव्यातील वाचकांसाठी येथे एक खुलासा उचित ठरेल. पणजीच्या चर्चमध्ये दरवर्षी ८ डिसेंबरला साजरा होणारा निष्कलंक गर्भसंभवाचा उत्सव हा येशूच्या जन्माशी संबंधित आहे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा संबंध खुद्द मरियेच्या गर्भसंभवाशी आहे. ती आपल्या आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त होती, अशी ती श्रद्धा आहे, आणि रोमन कॅथलिक चर्चने १८५४ साली तिला सिद्धान्ताचे रूप दिले. कुमारी मातेपोटी येशूचा जन्म ही त्याहून वेगळी श्रद्धा होय.

फ्रेंच-स्विस दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांनी १९८५ साली 'हेल मेरी' या चित्रपटात हीच कथा आधुनिक काळात आणली. मेरी ही पेट्रोलपंप चालवणाऱ्याची मुलगी आणि जोसेफ टॅक्सीचालक. चित्रपटावर धार्मिक वर्तुळातून मोठे वादळ उठले. पण त्यातील जोसेफचा झगडा साधा आणि मानवी आहे: जिच्यावर प्रेम आहे, तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल का?

भूत, नवरा आणि न विचारलेली साक्ष

भारतीय सिनेमात या प्रश्नाला सर्वांत सुंदर रूप मिळाले ते एका राजस्थानी कथेमुळे. विजयदान देथा यांच्या 'दुविधा' या कथेवर मणी कौल यांनी १९७३ साली त्याच नावाचा चित्रपट केला आणि २००५ साली अमोल पालेकर यांनी 'पहेली'. व्यापाऱ्याचा मुलगा लग्नाच्या रात्री हिशेबाच्या वह्यांत गुंततो आणि दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांसाठी दूरगावी व्यापाराला निघून जातो. नववधूवर भाळलेले एक भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. ते घरच्यांना फसवते, तिला मात्र खरे काय ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. ती त्याला स्वीकारते. पुढे तिला दिवस जातात, आणि ही वार्ता दूरदेशी असलेल्या खऱ्या नवऱ्यापर्यंत पोहोचते.

त्या नवऱ्यापुरते हे गरोदरपण निखालस अशक्य आहे. तो तातडीने परततो, आणि एकाच चेहऱ्याचे दोन पुरुष दारात उभे राहतात. खरा कोण, हे ठरवण्यासाठी गावकरी त्यांना घेऊन राजाकडे निघतात. वाटेत भेटलेला मेंढपाळ तीन परीक्षा घेतो आणि भुताला पखालीत कोंडतो. या साऱ्या न्यायनिवाड्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. दोघांपैकी कोण कोण आहे, हे निश्चितपणे जाणणारी एक व्यक्ती घरात आहे; पण न्यायासाठी निघालेल्या त्या पुरुषांच्या जथ्यात ती नसते आणि तिची साक्ष कोणी मागत नाही. 'दुविधा'त ती गप्प उरते. 'पहेली'त पालेकरांनी शेवट बदलला आणि भूत नवऱ्याच्या शरीरात शिरून तिच्याकडे परतते. कथेने तिला न्याय दिला, पण तोही भुताकरवी.

येथे कायद्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ११२ असे सांगत होते की, विवाह अस्तित्वात असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आई अविवाहित असताना, मूल जन्मले तर ते त्या पतीचे औरस अपत्य असल्याचा तो निर्णायक पुरावा मानावा. त्याला अपवाद एकच, गर्भधारणेच्या संभाव्य काळात पती-पत्नीचा परस्परांशी संपर्क होऊच शकत नव्हता, हे सिद्ध होणे. भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम ११६ मध्ये कायम आहे. म्हणजे 'पहेली'तील नवऱ्याला न्यायालयात आपली पाच वर्षांची अनुपस्थिती सिद्ध करावी लागली असती. पण गावाच्या नजरेत तर तो पूर्ण काळ घरातच होता! कायदा सहसा मुलाच्या बाजूने झुकतो, कारण मोठ्यांच्या संशयाची शिक्षा मुलाला होऊ नये, हा त्यामागील विचार आहे. लोकांचा न्याय इतका उदार नसतो.

हॉलिवूडच्या दोन तऱ्हा

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून नीतिनियमांची संहिता काटेकोरपणे लागू झाली. विवाहबाह्य संबंध आणि त्यातून होणारे मूल यांवर चित्रपट काढणे जवळपास अशक्य झाले. दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जिस यांनी १९४४ च्या 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' या विनोदी चित्रपटात त्यातून वाट काढली. युद्धावर निघालेल्या सैनिकांच्या निरोपाच्या रात्री ट्रूडी नावाची तरुणी कोणाशी तरी लग्न करते. पण डोक्याला मार बसल्याने नवऱ्याचे नाव तिला धड आठवत नाही. हाती कागद नाही, नवरा नाही आणि दिवस मात्र गेलेले. गाव तिच्या जिवावर उठते. शेवटी तिला एकाच वेळी सहा मुलगे होतात, बातमी जगभर पसरते आणि राज्याचे गव्हर्नर घाईघाईने तिच्या भोळ्या प्रियकरालाच तिचा नवरा ठरवून टाकतात. एका मुलासाठी तिला वाळीत टाकायला निघालेला समाज सहा मुलांसाठी मिरवणूक काढतो, हा त्यातील टोमणा आजही बोचतो.

दुसरी तऱ्हा भयाची. रोमन पोलान्स्की यांचा 'रोझमेरीज बेबी' १९६८ साली आला; आयरा लेव्हिन यांच्या आदल्या वर्षीच्या कादंबरीवर तो आधारित होता. रोझमेरी गरोदर आहे, पण हे गरोदरपण वेगळे आहे, असे तिचे शरीर तिला सांगते. तिच्या पोटात सतत दुखते, वजन उतरते. नवरा, शेजारी आणि नामांकित डॉक्टर सगळे तिला समजावतात की हे असेच असते. अखेर ती धावत दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तो तिचे शांतपणे ऐकून घेतो, तिला विश्रांती घ्यायला सांगतो आणि तिच्या नवऱ्याला व पहिल्या डॉक्टरला बोलावून घेतो. सैतानाच्या मुलाची कल्पना बाजूला ठेवली तरी हा प्रसंग तितकाच भयंकर राहतो. 'मला काहीतरी होते आहे' असे सांगणाऱ्या गरोदर स्त्रीला 'मनाचे खेळ आहेत' असे उत्तर मिळणे, हे अनुभवण्यासाठी चित्रपटगृहात जावे लागत नाही.

पोटावर विश्वास, बाईवर नाही

सुजॉय घोष यांच्या २०१२ मधील 'कहानी'ने हा सारा व्यवहार उलटा केला. लंडनहून कोलकात्यात आलेली गरोदर विद्या बागची हरवलेल्या नवऱ्याचा शोध घेते. दिवस भरत आलेली बाई पाहून पोलीस, लॉजवाले, कचेऱ्यांतील माणसे तिला मदत करतात. शेवटी उघड होते की पोट खोटे होते. तिचा नवरा मेट्रो रेल्वेतील विषारी वायूच्या हल्ल्यात दगावलेला आहे, त्या धक्क्याने तिचे पोटातील मूलही गेलेले आहे, आणि ती त्याच्या मारेकऱ्याच्या शोधात आली आहे.

विद्या जर विधवा म्हणून, रिकाम्या कुशीने आणि हातात तक्रार घेऊन आली असती, तर किती दारे उघडली असती? तिने समाजाचे बरोबर ओळखले होते. गरोदर पत्नीची दया येते, म्हणून तिच्यावर संशय घेतला जात नाही. तिचे पोट खोटे होते, दुःख खरे होते. लोकांनी विश्वास ठेवला तो पोटावर.

प्रयोगशाळेतील चमत्कार आणि एका डॉक्टरचा शेवट

१९७८ हे वर्ष या विषयात सीमारेषेसारखे आहे. २५ जुलै रोजी इंग्लंडमध्ये शरीराबाहेर फलन घडवून पहिले मूल जन्माला आले. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले आणि जगातील दुसरे असे मूल जन्मले. त्यांच्यावर मात्र कोणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी जाऊन संशोधन मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, त्यांची बदली झाली. १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने असे मूल जन्माला आणले, तेव्हा ते भारतातील पहिले म्हणून गाजले. त्या यशात सहभागी असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीरपणे मांडले.

या शोकांतिकेवरून प्रेरित होऊन तपन सिन्हा यांनी १९९० साली 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट केला. पंकज कपूर यांनी साकारलेला त्यातील डॉक्टर कुष्ठरोगाच्या लसीवर संशोधन करतो. विषय बदलला, पण अविश्वासाने माणूस कसा खचतो, हे चित्र बदलले नाही.

विज्ञान सरावाचे झाल्यावर त्याच अद्भुताचा विनोद झाला. १९९४ च्या 'ज्युनियर'मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी स्वतःवरच प्रयोग करून गरोदर राहिलेला शास्त्रज्ञ रंगवला. युवनाश्वाचा हा हॉलिवूडमधील अवतार. २०१९ च्या 'गुड न्यूज'मध्ये एकाच आडनावाच्या दोन जोडप्यांचे शुक्राणू रुग्णालयात बदलले जातात. २०२४ च्या 'बॅड न्यूज'मधील तरुणीच्या पोटी जुळी मुले आहेत आणि त्यांचे बाप दोन वेगळे पुरुष आहेत. ही कल्पना निव्वळ थट्टेची वाटते, परंतु वैद्यकशास्त्राला ती ज्ञात आहे. एकाच मासिक चक्रात दोन बीजांडे बाहेर पडली आणि थोड्या काळाच्या अंतराने दोन वेगळ्या पुरुषांकडून त्यांचे फलन झाले, तर असे घडू शकते. हे अत्यंत दुर्मीळ आहे, पण अशा घटनांची नोंद झालेली आहे. दोन्ही हिंदी चित्रपटांत विज्ञानाचा धागा पक्का आहे. तरी विनोदाचा बराचसा भाग 'मूल माझे की त्याचे' या पुरुषी चढाओढीवरच चालतो. गर्भ वाहणारीचे मत त्या गोंगाटात उशिरा ऐकू येते.

यशोदेच्या अंगणातील गोरे मूल

मराठी सिनेमाने या विषयात दिलेले सर्वांत गंभीर योगदान म्हणजे समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!'. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. विदर्भातील गरीब यशोदा एका परदेशी स्त्रीसाठी गर्भ वाढवते. मूल सदोष जन्मेल असे कळताच ती परदेशी स्त्री निघून जाते. मूल मात्र निरोगी जन्मते, आणि गोरे, निळसर डोळ्यांचे ते पोर खेड्याच्या मातीत वाढते. काही वर्षांनी मूळ आई त्याला न्यायला परत येते. लक्ष्मण उतेकर यांनी २०२१ साली या कथेवर 'मिमी' हा हिंदी चित्रपट केला आणि त्यासाठी क्रिती सेनन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुराणात देवकीचा गर्भ योगमायेने काढून रोहिणीच्या उदरात ठेवला, म्हणून बलरामाचे नाव संकर्षण पडले. तेथे रोहिणीचा मान राहिला. यशोदा आणि मिमी यांना मात्र गावाच्या नजरेला तोंड द्यावे लागते. ज्या मुलाच्या वर्णावरूनच ते 'हिचे नाही' हे दिसते, त्याच्या आईने खरे कारण सांगितले तरी ते लोकांच्या पचनी पडत नाही. पैसे घेऊन गर्भ वाढवणे त्यांच्या शब्दकोशातच नसते. २०२१ च्या सरोगसी नियमन कायद्याने मोबदला घेऊन गर्भ वाढवण्याचा व्यवहार बंद केला. त्यामुळे या चित्रपटातील करार आज बेकायदा ठरेल. कागदावर ज्याची किंमत ठरवली होती, ते मूल नऊ महिन्यांनंतर कोणाचे, हा चित्रपटाने विचारलेला प्रश्न मात्र कायद्याने संपलेला नाही.

लोकरीतीने ठरवलेले 'अशक्य'

अमित शर्मा यांच्या २०१८ मधील 'बधाई हो'मध्ये ना भूत आहे, ना प्रयोगशाळा. पन्नाशीला टेकलेल्या, दोन मुलगे असलेल्या, थोरला लग्नाच्या वयाचा झालेल्या बाईला आपल्या नवऱ्यापासूनच दिवस जातात. वैद्यकदृष्ट्या यात नवल नाही. पाळी कायमची थांबेपर्यंत गर्भधारणेची शक्यता पूर्णतः संपत नाही. अशक्य आहे ते एवढेच, की या वयातील नवरा-बायकोत अजून प्रेम असावे. मुले आईशी बोलेनाशी होतात, शेजारी कुजबुजतात, नातेवाईक लग्नघरात टोमणे मारतात. आणि त्या लग्नघरात सुनेच्या बाजूने ठामपणे उभी राहते ती आतापर्यंत तिलाच बोल लावणारी सासू. सुरेखा सिक्री यांनी साकारलेली ही आजी आजारपणात आपली सेवा कोणी केली, हे सर्वांसमोर सुनावते. सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या प्रकारच्या साऱ्या चित्रपटांत हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणतीही चाचणी होत नाही, पुरावा मांडला जात नाही. एक स्त्री दुसरीसाठी बोलते आणि घराचे चित्र पालटते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अल्फोन्सो क्वारोन यांचा २००६ मधील 'चिल्ड्रन ऑफ मेन' आहे. पी. डी. जेम्स यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात २०२७ सालचे जग आहे आणि १८ वर्षांत कोठेही मूल जन्मलेले नाही. तेथे सगळ्यांचेच गरोदरपण अशक्य झालेले आहे. अशा वेळी एक निर्वासित, कृष्णवर्णीय तरुणी गोठ्यात गाईंच्या मध्ये उभी राहून आपले पोट दाखवते. बाप कोण, हे येथे कोणालाच महत्त्वाचे वाटत नाही. पुढे गोळीबारात सापडलेल्या इमारतीतून ती रडते बाळ घेऊन बाहेर येते, तेव्हा सैनिकांच्या बंदुका काही क्षण थांबतात. बाळ दूर जाताच त्या पुन्हा धडधडू लागतात.

आपल्या टेबलावरची बातमी

चित्रपट संपतो तेव्हा बाळ रडते आणि दिवे लागतात. वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. नवजात अर्भक कोठेतरी सोडलेले सापडते आणि बातमीच्या पहिल्याच ओळीत 'निर्दयी मातेचा शोध सुरू' असे शब्द असतात. कधी 'कुमारी माता' हा शब्द असतो. 'कुमार पिता' असा शब्द आपल्या भाषेने घडवलाच नाही. ती मुलगी कोण, तिच्यावर काय ओढवले, तिने कोणाला काही सांगितले होते का, सांगितले तर कोणी ऐकले का, यांपैकी काहीही ठाऊक नसताना आपण तिच्यासाठी एक विशेषण ठरवून मोकळे होतो. कुंतीच्या पेटीपासून आपण फारसे दूर आलेलो नाही.

अशा बातमीवर काम करताना ते विशेषण मी आता खोडते. 'अर्भक सापडले, पालकांचा शोध सुरू' एवढे पुरते. माहिती त्याने कमी होत नाही. कथालेखकाला पात्राच्या मनात डोकावण्याची मुभा असते, बातमी लिहिणाऱ्याला ती नसते. म्हणूनच जे कळलेले नाही, ते तिच्या माथी न मारण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक आहे.

पुढच्या वेळी 'बनवाबनवी'तील डोहाळेजेवण लागेल तेव्हा पोटभर हसावेच. ते हसणे निर्मळ आहे. पार्वतीचे पोट खोटे असूनही सगळे तिचे कौतुक करतात. ज्यांचे पोट खरे असते, त्यांच्या शब्दाला निदान तेवढा मान मिळावा, एवढीच अपेक्षा.